सेल नवा, तरीही गाडी उघडेना : रिमोट किल्लीचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन मी कणकुंबीला माउली देवीच्या दर्शनाला गेलो होतो. देवळातून बाहेर पडेपर्यंत अंधारून आले होते आणि मलप्रभा नदीच्या उगमाकडचा तो पाऊस छत्रीला जुमानत नव्हता. गाडीपाशी येऊन किल्लीवरचे बटण दाबले, तर ना इंडिकेटर लुकलुकले, ना कुलूप सरकल्याचा आवाज आला. सात-आठ वेळा दाबूनही काही होईना, तेव्हा किल्लीचे पाते दाराच्या कुलपात घालून दार उघडले आणि त्याच क्षणी गाडीचा भोंगा सुरू झाला. आई पावसात भिजत, गोंधळून उभी होती. इग्निशन चालू केल्यावर भोंगा थांबला आणि इंजिनही पहिल्याच प्रयत्नात सुरू झाले.

जांबोटीपर्यंतच्या रस्त्यात माझ्या मनात एकच प्रश्न होता : किल्ली बिघडली असेल, तर इंजिन सुरू कसे झाले? याचे उत्तर मला पुढे नीट समजले आणि तेच सगळ्या शोधाचा पाया ठरले. अशा किल्लीत दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. इंजिनाला परवानगी देणारी इमोबिलायझरची बारीक चिप सेलवर चालतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे एक वेटोळे असते आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, तिला लागणारी वीज मिळते. दार उघडणारे रिमोट मात्र सेलवर चालते आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ते ४३३.९२ मेगाहर्ट्झवर रेडिओ संदेश पाठवते. म्हणजे चिप शाबूत होती. दोष होता तो एकतर रिमोटमध्ये, नाहीतर गाडीतल्या संदेश घेणाऱ्या भागात.

दुसऱ्या दिवशी बेळगावात खडेबाजारातल्या घड्याळाच्या दुकानातून सीआर २०३२ हा सेल घेऊन बसवला. (या नावातच माप असते : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ त्याच खाचेत बसल्यासारखा वाटतो, पण तो पातळ असल्यामुळे सेलची वीज सर्किटकडे नेणाऱ्या धातूच्या पत्तीला घट्ट टेकत नाही.) चार दिवस सगळे सुरळीत चालले आणि पाचव्या दिवशी रिमोट पुन्हा मुके झाले. मग एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथे किल्ली उघडूनही न पाहता, नवीन किल्ली मागवून ती गाडीशी जुळवून घ्यावी लागेल आणि सुमारे नऊ हजार रुपये खर्च येईल, असे सांगण्यात आले. वस्तू न तपासता ती टाकून द्यायला सांगणे मला अजिबात पटले नाही. पैशांपेक्षाही त्या घाईचे मला वाईट वाटले.

घरी येऊन कपाटातली दुसरी किल्ली काढली. गाडी घेतल्यापासून ती तशीच पडून होती, त्यामुळे तिचा सेल संपला होता. नवा सेल घातल्यावर मात्र ती शहापुरातल्या आमच्या गल्लीच्या टोकापासूनही दारे उघडू लागली. सलग आठवडाभर तीच वापरली आणि एकदाही अडचण आली नाही. याचा अर्थ गाडीतला संदेश घेणारा रिसीव्हर, अँटेना, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणि दारांच्या कुलपांच्या मोटारी या सगळ्या ठीक होत्या. ही एक चाचणी मी पहिल्याच दिवशी केली असती, तर वर्कशॉपची फेरी वाचली असती.

त्यानंतर पहिल्या किल्लीकडे बारकाईने पाहू लागलो. एकच बटण चालत नसते, तर त्या बटणाखालच्या स्विचवर संशय घेता आला असता. पण इथे उघडण्याचे, बंद करण्याचे आणि डिकीचे अशी तिन्ही बटणे एकदमच बंद पडत आणि एकदमच चालू होत. त्यातही किल्ली अंगठा आणि तर्जनी यांमध्ये जोराने आवळली, तर लाल दिवा लागत असे आणि पकड सैल केली की विझत असे. तिन्ही बटणांना सामाईक असतो तो वीजपुरवठा. म्हणून खोट तिथेच असणार, असा निष्कर्ष मी काढला.

गणपत गल्लीत मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण आहे. त्याने किल्लीचे कवच उघडताना पहिले काम केले ते म्हणजे कडेच्या खाचेतली इमोबिलायझरची काळी चिप चिमट्याने काढून एका डबीत ठेवली. "ही हरवली तर गाडी सुरूच होणार नाही ओ काका," असे तो म्हणाला आणि मला हायसे वाटले, कारण योग्य माणसाच्या हाती किल्ली दिली होती. मल्टीमीटरवर सेल ३.१ व्होल्ट दाखवत होता. "सेल चांगला हाय की ओ," म्हणून तो थांबला नाही. बटण दाबलेले असताना त्याने आधी सेलच्या पृष्ठभागावर आणि मग सर्किटवर, जिथे पत्ती जोडलेली असते तिथे, व्होल्टेज मोजले. सेलवर ३ व्होल्ट होते आणि सर्किटवर जेमतेम १.९, तेही सतत खालीवर होणारे. सेल आणि सर्किट यांच्या मधल्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच वीज अडत होती.

भिंगातून त्याने मला दाखवले. धन टोकाच्या पत्तीवर हिरवट पुटे चढली होती. पावसाळ्यात ओल्या खिशात राहून किल्लीत दमट हवा शिरली असावी. पत्तीच्या पायाशी सोल्डरभोवती केसाएवढी बारीक गोल चीर होती. किल्ली अनेकदा हातातून पडली होती आणि दर वेळी सेलचा धक्का त्याच सांध्यावर बसला होता. किल्ली आवळली की चीर मिटे, सोडली की उघडे. नवा सेल बसवताना पत्ती थोडी हलली आणि संपर्क जुळला, म्हणून ते चार दिवस रिमोट चालले होते.

त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुटे पुसली, जुने सोल्डर काढून सांधा नव्याने जोडला, पत्ती किंचित वर उचलली आणि सेल कडेने धरून बसवला. कवचाच्या कडेची रबरी पट्टी दुमडलेली होती, तीही सरळ केली. आता बटण दाबल्यावर सर्किटवर २.९ व्होल्ट स्थिर राहत होते. त्याने १५० रुपये घेतले.

गाडी धर्मवीर संभाजी चौकाजवळ लावली होती. तिथे जाऊन बटण दाबले, तर काहीच झाले नाही आणि क्षणभर माझा धीर सुटला. पण दुसऱ्यांदा दाबताच चारही दारे उघडली. तपासणी करताना आम्ही गाडीपासून लांब कितीतरी वेळा बटण दाबले होते. अशा रिमोटमध्ये प्रत्येक वेळी नवा कोड जातो आणि किल्लीतला आकडा गाडीच्या आठवणीतल्या आकड्यापेक्षा बराच पुढे गेला, तर अनेक गाड्या लागोपाठ दोन कोड बरोबर आल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. तिसऱ्यांदा दाबल्यावर कुलपे बंद झाली, चौथ्यांदा उघडली.

त्यानंतर आईला घेऊन पुन्हा कणकुंबीला जाऊन आलो. पाऊस तसाच होता. रिमोट दोन्ही वेळा पहिल्याच दाबाला चालले, आणि पिशवीत दुसरी किल्लीही होती.