गाऱ्हाणं देवीला, निवेदन सरकारला

आषाढात आमच्या बेळगावच्या वडगावात ग्रामदेवी मंगाईचे वार पाळतात. त्या दिवशी शिवारात कुणी जात नाही. मग यात्रा, गाऱ्हाणं, ओटी. 2019 ला हे सगळं रीतीप्रमाणे पार पडलं आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात बळ्ळारी नाला फुटल्यासारखा शिवारात शिरला. भात पाण्याखाली गेलं. पाणी ओसरलं तेव्हा वाफ्यात नुसता काळा चिखल आणि कुजका वास.

गल्लीत बोलणं सुरू झालं. एवढी ओटी भरली, देवी कुठं गेली होती? मलाही तेच वाटत होतं, फक्त घरात बोलायची सोय नव्हती. आत्या (माझ्या सासूबाई, आमच्याकडं आत्याच म्हणतात) ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मी कधी पाणी आणू नको म्हणून गाऱ्हाणं घातलंच नाही गे. आलेलं सोसून परत उभं राहायचं बळ दे, एवढंच मागत्ये."

आणि दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून बांधावर. गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्याही धरून चढणारी बाई! माळावरच्या पाहुण्यांकडं तरवा (भाताची रोपं) उरला होता, तो मागून आणला. मजुरीला पैसे नव्हते, म्हणून आज तुमच्यात, उद्या आमच्यात असं पैऱ्यानं लावलं. उशिराची लावण, भात जेमतेम घरापुरतं झालं. पण मागनं त्याच ओलीवर टाकलेला मसूर असा आला की सोसायटीचा हप्ता त्यातनं फिटला. याला कुणी नशीब म्हणेल. मी मंगाईनं दिलेलं बळ म्हणते, कारण ती बाई उठली नसती तर आम्ही कुणीच उठलो नसतो.

मात्र एक गोष्ट मला पटत नाही. नाल्यात गाळ आणि जलपर्णी माणसांनी साठू दिली, ती काढायचं काम माणसांचं. तेही देवावर सोपवून हात जोडून बसणं म्हणजे भक्ती नव्हे, आळस. आत्याही यावर माझ्याच बाजूच्या. नाला साफ करा म्हणून आम्ही सरकारला निवेदन देतो, त्यावर पहिला अंगठा त्यांचा. मजकूर कन्नडमधून लागतो, तो पुतण्या लिहून देतो. आम्ही मराठीतनं वाचून घेतो नि मगच सह्या करतो.

यंदा वार सुरू व्हायच्या आधीच निवेदन दिलंय. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय आत्या ऑफिसातनं हलल्या नाहीत.