आमची वाटचाल : जळालेल्या मोटरी आणि आमच्या वह्या

ठाण्यात वागळे इस्टेटमधे आतल्या रोडला आमचा गाळा, बोर्ड बारका आहे पण वार्निशच्या वासावरून सापडतो. 2004 ला सुरू केलं, त्याआधी नऊ वर्षं दुसऱ्याकडे वाइंडर होतो. काम एकच, मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळालेल्या मोटरीतली जुनी तांब्याची तार काढून नवी भरायची.

2016 ला मात्र डोकं फिरलं. घोडबंदर रोडला टॉवरवर टॉवर उभे राहत होते, धाकटा भाऊ म्हणाला दादा नुसत्या मोटरी भरून काय होणार, सोसायट्यांना नवे पंप विकू, एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीची कंत्राटं घेऊ, सोबत सीसीटीव्ही पण. घेतलं सगळं. दोन वर्षं मी बेंचवर बसलोच नाही, रात्री अकराला सेक्रेटरींचा फोन की लिफ्टजवळचा कॅमेरा दिसत नाहीये, आणि पेमेंट काय तर कमिटीची मीटिंग झाल्यावर. ती कधी होते ते सोसायटीत राहणाऱ्यालाच विचारा.

इकडे पोरांनी घाईत भरलेली एक 15 एचपीची मोटर आठवड्यात परत आली. उघडली तर वार्निश स्लॉटमधे, तार बसते त्या खाचांत, खोल गेलंच नव्हतं. पार्टी जुनी, ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "ही कुणी भरली?"

मग एएमसी संपत गेल्या तशा सोडल्या. भाऊ दोन महिने धड बोलत नव्हता, सीसीटीव्ही त्याने स्वतःच्या नावावर घेतलं, आज माझ्यापेक्षा बरं कमावतो, खोटं कशाला बोलू.

पण मला मजा इथेच येते. कॉइल जोडायच्या दोन पद्धती, डेल्टा आणि स्टार. सप्लायच्या तीनपैकी एक फेज गेली तर डेल्टातल्या मोटरच्या एकाच फेजच्या कॉइल काळ्या पडतात, स्टारमधे दोन फेजच्या, सगळ्याच सारख्या करपल्या तर बहुतेक ओव्हरलोड. पार्टी सांगते "आपोआप जळली ओ", मोटर वेगळंच सांगत असते. जुनं तांबं लवकर निघावं म्हणून काहीजण स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, सरळ पेटवून देतात, त्याने कोअरच्या पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं, मोटर फिरते पण गरम राहते आणि लाइट बिल वाढतं. आम्ही ते करत नाही, म्हणून आमच्याकडे एक दिवस जास्त लागतो. कॉइलचे टर्न मोजायचे, तारेचा गेज म्हणजे जाडी मायक्रोमीटरने बघायची, वहीत लिहायचं. पहिल्या दिवसापासूनच्या वह्या आहेत, बायको म्हणते रद्दीत दे.

परवा एक मोटर आली, नंबर वहीत सापडला, 2009 ला मीच भरलेली. खाली माझ्याच अक्षरात लिहिलंय, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करतो तो) लावायला सांगितला.

लावला नव्हता.