अ‍ॅस्पिरिन, जठराच्या पेशी आणि पिवळे पडणारे माध्यम

अ‍ॅस्पिरिनमुळे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर बंद पडते, प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती घटते आणि जठराच्या अस्तराचे संरक्षण दुबळे होते, हे पाठ्यपुस्तकात वाचलेले होते. मात्र जठराच्या कर्करोगपेशींमध्ये हेच औषध टीएफएफ-२ या संरक्षक जनुकाची सक्रियता वाढवते, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वाचले आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पाला विषय मिळाला. या जनुकापासून बनणारे छोटे प्रथिन आम्लात टिकते आणि श्लेष्म्यात मिसळून अस्तराची झीज भरून काढण्यास मदत करते.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एजीएस पेशी मागवल्या. एका ५४ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या जठरातील गाठीपासून ही पेशीमालिका तयार झालेली आहे. पेशी वाढवणे, जनुक किती सक्रिय आहे हे दाखवणारा आरएनए वेगळा काढणे, तो मोजण्यासाठी पीसीआर ही चाचणी लावणे ही कामे सरावाने हातात बसली. खरा कस लागला तो तुलनेसाठीचे नियंत्रण-नमुने ठरवताना. अ‍ॅस्पिरिन मुळात आम्लधर्मी, त्यामुळे मात्रा वाढवली की माध्यमातला, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यातला, फिनॉल रेड हा आम्लता दाखवणारा सूचक लालसर रंग सोडून पिवळा पडू लागे. मग जनुकाने प्रतिसाद दिला तो औषधाला की आम्लतेला? मार्गदर्शक बाईंनी आलेख बघण्याआधीच हे विचारले आणि मला ते पटले. त्यानंतर प्रत्येक मात्रेचा सामू (पीएच) आधी पूर्ववत करून घेतला, शिवाय औषध ज्या इथेनॉलमध्ये विरघळवले होते तेवढेच इथेनॉल दिलेल्या आणि नुसते आम्ल दिलेल्या पेशी शेजारी ठेवल्या. पेशी मरत तर नाहीत ना, हे एमटीटी चाचणीने पाहणे ओघानेच आले. एवढे करूनही टीएफएफ-२ चा आरएनए वाढलेलाच दिसला, पण वाढ पहिल्या आलेखाइतकी उंच राहिली नाही. माझ्या मते तोच आकडा अधिक विश्वासार्ह होता.

तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी मात्रेवर बोट ठेवले: मिलिमोलर पातळीचे, म्हणजे मी पेशींना दिले तितके तीव्र, अ‍ॅस्पिरिन डोकेदुखीची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात असते का? रक्तात नसते, पण ३२५ मिलिग्रॅमची गोळी १०० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळली तर सुमारे १८ मिलिमोलर द्रावण होते आणि जठराचा सामना आधी त्याच्याशी होतो, असे उत्तर मी दिले. त्यांनी ते मान्य केले, मात्र जठरात पेशींवर श्लेष्म्याचा जाड थर असतो आणि माझ्या प्लेटमध्ये तसा नव्हता, ही मर्यादा प्रबंधात लिहायला लावली.