मामांच्या कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर

माझे मामा बार्शीला लग्नपत्रिका करतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले, आणि त्यांचं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसेना. म्हणून दिवाळीला गेलो तेव्हा मीच त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून आलो. आठवड्याभरात फोन. "अरे, पेजमेकर कुठंय यात?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षांच्या पत्रिका पेजमेकर या विंडोजवरच्या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, त्याही युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं येण्याच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. दुसरीकडे उघडल्या की गणपतीच्या श्लोकाचा नुसता किचाट होतो. मग ठरलं, कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारं व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं आणि त्यात मामांची जुनी विंडोज ७ ची डीव्हीडी चालवायची.

मी पुण्यात, मामा बार्शीत, मध्ये व्हिडिओ कॉल. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, 'सुडो एपीटी इन्स्टॉल व्हर्च्युअलबॉक्स' एकेक अक्षर सांगून लिहून घेतलं. पासवर्ड मागितल्यावर मामा थांबले. "कीबोर्ड गेला बहुतेक, काहीच उमटत नाही." तिथे पासवर्ड उमटत नसतोच, एवढं आधी सांगायला हवं होतं. पुढे सिक्युअर बूटचा, म्हणजे मशीन सुरू होताना अनोळखी सॉफ्टवेअर अडवणाऱ्या पहारेकऱ्याचा, पडदा आला. तिथे माउस चालत नाही. टॅब दाबून 'ओके'वर जायचं, मग एंटर. नंतर आठ ते सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड. तो मी त्यांना एका नमुना पत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवायला लावला.

मशीन रीस्टार्ट केलं आणि नेमकं गिऱ्हाईक आलं. सुरू होताना तो नवा पासवर्ड विचारायला एक निळा पडदा येतो; तो दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात कुठलंही बटण दाबायचं असतं. मामा परत आले तोवर मिंट सुरूही झालं होतं. व्हर्च्युअलबॉक्सने आतलं मशीन काही चालू केलं नाही: 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड', एरर नंबर आरसी उणे १९०८.

इथे मी माती खाल्ली. दोनदा काढून पुन्हा टाकायला लावलं, तास गेला. खरं तर बिघडलं काहीच नव्हतं. व्हर्च्युअलबॉक्सचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला सिस्टीमच्या गाभ्याशी जोडणारा तुकडा, त्याच मशीनवर तयार होतो, त्यावर डिजिटल सहीही तिथल्याच किल्लीची. ती किल्ली ओळखीची आहे असं निळ्या पडद्यावर कबूल केल्याशिवाय सिक्युअर बूट ड्रायव्हरला आत घेत नाही. मोकयुटिल या त्याच कामाच्या हुकुमाने किल्ली (हिलाच 'मोक' म्हणतात) परत पुढे केली, रीस्टार्ट. या वेळी मामी फोन धरून, मामा बटणावर बोट ठेवून. 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', मग पत्रिकेच्या पाठीवरचा पासवर्ड.

तरी सुटका नाही. आता व्हीटी-एक्स, म्हणजे आतला कॉम्प्युटर चालवायला प्रोसेसरने द्यायची मदत, बंद असल्याची तक्रार. ते बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू केलं; तोवर मामा सरावले होते.

आठ जीबी रॅममधली तीन आतल्या विंडोजला दिली आणि त्याचं नेटवर्क तोडून टाकलं, कारण इतक्या जुन्या विंडोजला इंटरनेटवर सोडण्यात अर्थ नाही. तयार पीडीएफ आतल्या-बाहेरच्या दोघांना दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमधून बाहेर. रात्री साडेदहाला २००९ सालची एक पत्रिका उघडली. 'वक्रतुण्ड महाकाय' जोडाक्षरांसकट जागच्या जागी. मामा बराच वेळ नुसते बघत होते. मग म्हणाले, "दुकान बंद करू का आता? पण हे बंद कसं करायचं, एकदा का दोनदा?"

"दोनदा, मामा. आधी आतलं, मग बाहेरचं."