जॅकमॅनाय क्लेमॅटिस: खोल लावा, फेब्रुवारीत गुडघ्याखाली छाटा

इंग्लंडमध्ये बाग करणाऱ्या मराठी घरांत क्लेमॅटिसची तक्रार बहुधा एकच असते: वेल भिंतीवर चढली, पण फुलं सगळी शेंड्याला, खाली नुसत्या वाळक्या काड्या. रोप चांगलंच असतं, छाटणी राहिलेली असते. सुरुवात करायची असेल तर 'जॅकमॅनाय' घ्या. सरे परगण्यातल्या वोकिंगच्या जॅकमन नर्सरीत १८५८ साली केलेल्या संकरातून आलेली ही गर्द जांभळी जात आजही सर्वांत भरवशाची वाटते. ती तीनेक मीटर चढते आणि जुलैपासून सप्टेंबरपर्यंत फुलते.

लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, जमीन अजून उबदार असते. खड्डा सुमारे ४५ सेंमी रुंद आणि तेवढाच खोल घ्या. भिंतीच्या पायथ्याशी पाऊस पोचत नाही आणि माती कोरडी राहते, म्हणून खड्डा भिंतीपासून किमान ३० सेंमी, जमल्यास ४५ सेंमी लांब असावा. रोप बांबूच्या आधाराने भिंतीकडे तिरकं करायचं. मातीत कुजलेलं कंपोस्ट मिसळा. कुंडीत रोपाची माती जिथपर्यंत होती त्याहून ५ ते ८ सेंमी खोल लावा. बहुतेक झाडांना हे चालत नाही, कारण खोड कुजतं. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला मात्र हेच हवं असतं. मातीत गेलेल्या पेरांवर डोळे राहतात आणि वरची वेल मेली तरी तिथून नवे कोंब येतात.

मुळांना गारवा, शेंड्याला ऊन. बुडाशी कंपोस्टचं पाचेक सेंमी आच्छादन घाला, पण खोडाला चिकटू देऊ नका. कोरड्या आठवड्यात एक मोठी झारी, साधारण १० लिटर पाणी एकदम द्या. रोज थोडं थोडं दिलं की मुळं वरच राहतात.

आधार बारीक हवा. ही वेल पानाच्या देठानेच विळखा घालते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर सह्याद्रीत झुडपांवर पांढरी फुलं पसरवणारी मोरवेल याच वंशातली, तीही अशीच चढते. जाड फळीभोवती देठ वळत नाही. भिंतीपासून ५ सेंमी अंतरावर, दर ३० सेंमीला आडवी तार ताणली की काम होतं.

आता छाटणी. जॅकमॅनाय चालू वर्षाच्या फुटव्यावर फुलते, म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस सगळी खोडं जमिनीपासून ३० सेंमीवर, फुगलेल्या डोळ्यांच्या जोडीच्या लगेच वर कापा. वरचे हिरवे कोंब पाहून हात थांबतो आणि पुढच्या उन्हाळ्यात बूड उघडं पडतं. पण हा नियम सगळ्या क्लेमॅटिसना लावू नका. मोंटाना जुन्या लाकडावर वसंतात फुलते. तिला फेब्रुवारीत कापलंत तर त्या वर्षीची फुलं गेली. तिची छाटणी फुलं संपल्यावर. 'नेली मोझर'सारख्या मधल्या गटाच्या जाती फेब्रुवारी-मार्चमध्ये फक्त मेलेल्या काड्या काढून, निरोगी डोळ्यांपर्यंत हलक्या छाटाव्यात. म्हणून विकत घेतानाच लेबलावरचा छाटणी गट १, २ की ३ हे लिहून ठेवा. जॅकमॅनाय ३ मध्ये येते.

छाटणीनंतर पालाशयुक्त खत द्या, गुलाबाचं चालतं. नत्र जास्त झालं की पानं भरपूर, फुलं कमी.

कळ्यांनी भरलेली फांदी दोन-तीन दिवसांत लुळी पडून काळी झाली, तर तो बुरशीमुळे होणारा मर रोग असू शकतो. त्याआधी पाणी पुरेसं आहे का आणि वाऱ्याने खोड चिरडलं आहे का ते पाहा, कारण तेव्हाही वेल अशीच मान टाकते. पानांच्या देठांवर काळे डाग आणि खोड कापल्यावर आत काळपट रंग असेल, तर निरोगी भागापर्यंत, गरज पडल्यास मातीखालीही कापा. कापलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका आणि कात्री निर्जंतुक करा. खोल लावलेली वेल बहुधा पुन्हा फुटते, कधी त्याच मोसमात, कधी पुढच्या वसंतात, तेव्हा बूड उपटून टाकण्याची घाई नको. वसंतातल्या कोवळ्या कोंबांना बिनशंखाच्या गोगलगाई रात्रीत फस्त करतात, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचा. आणि छाटताना हातमोजे घाला, या वेलीचा चीक त्वचेची आग करतो.