पंधरा किलोचं खोकं

मार्च आला की आमच्या तासगावकडं बेदाण्याच्या शेडवर झुंबड असते. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात द्राक्षांचे घड बुडवायचे, जाळीच्या रॅकवर पसरायचे, पंधराएक दिवस सावलीत वाळवायचे. मग निवडणी, 15 किलोचं खोकं आणि कोल्ड स्टोरेज. सौद्यात अडत्याच्या ओंजळीतल्या हिरव्या रंगावर दादांच्या वर्षाचा हिशेब ठरतो.

दोन वर्षांपूर्वी एका मिठाईवाल्यानं तक्रार केली, माल तांबूस निघाला. मी स्वतः जाऊन बघितलं. खोकं महिनाभर उघडं, भट्टीशेजारी. बेदाणा चांगलाच होता, पण गार जागेतून निघाल्यावर त्याला सांभाळणारं कोणीच नव्हतं. दादा नुसते गप्प बसले. माझा संशोधनाचा विषय त्या दिवशी ठरला.

उत्पादन विकास (नवा माल घडवणं) आणि पुरवठा साखळी (तो गिऱ्हाइकापर्यंत पोचवणं) हे दोन वेगळे पेपर म्हणून शिकवतात, ते मला पटत नाही. पुरवठा साखळीचे अभ्यासक मार्शल फिशर यांनी 1997 मध्ये मांडलं की मालाच्या मागणीचा स्वभाव बघून साखळी ठरवावी. मोठ्या खोक्यातल्या बेदाण्याला स्वस्त वाहतूक पुरते. रंगाची हमी देऊन लहान हवाबंद पाकीट विकायचं, तर साखळीही वेगळी लागते. म्हणून सध्या मी एवढंच तपासतेय: माल कोल्ड स्टोरेजमध्ये मोठ्या खोक्यातच ठेवून, ऑर्डर आल्यावर पाकिटं भरली तर रंग किती टिकतो, खर्च किती वाढतो. पहिली पाकिटं दादांच्याच मालाची भरलीत. रोज संध्याकाळी ते एक उजेडात धरून बघतात.