कपड्यांवर नाव घालून आणावे

आत्यासाठी वृद्धाश्रम बघतेय, त्याच्या माहितीपत्रकात बाकी सगळं ठीक आहे. शेवटच्या पानावर 'सोबत आणावयाच्या वस्तू' म्हणून यादी आहे: सुती साड्या किंवा गाऊन 6, परकर 6, टॉवेल 2, चष्म्याचा जादा जोड. त्याखाली एक ओळ, 'प्रत्येक कपड्यावर नाव घालून आणावे.' दुपारपासून माझं मन त्या ओळीपाशी अडकलंय.

नियमामागचं कारण मला कळतं. तीसचाळीस माणसांचं धुणं एकदम मशीनला पडतं आणि पांढरे परकर सगळे सारखेच. बिननावाचा परकर कुणाच्याही कपाटात जातो. जिला विसरण्याचा आजार आहे, तिला तो आपलाच वाटतो. मार्करची शाई गरम पाण्यात आणि सोड्यात टिकत नाही. त्यापेक्षा लाल सुताने टाके घालायचे, परकराच्या नेफ्याला आतून, म्हणजे टोचत नाही आणि दिसतही नाही. हा नियम जिथे नाही तिथे कपड्यांकडे कुणी बघत नाही, असंच समजावं. एवढं सगळं पटतं आणि तरीही राग येतो. बालवाडीच्या डब्यावर घालतात तसं आत्याच्या ब्लाउजवर नाव घालायचं. जिने शाळेच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, तिच्या.

जाऊ दे. बघायच्या गोष्टी तरी लिहून ठेवते.

सकाळी अकराला भेट देऊ नये. तेव्हा फरशी नुकतीच पुसलेली असते आणि फिनेलच्या वासाखाली बाकीचे वास दबतात. पहाटे सहाला जावं, नाहीतर रविवारी दुपारी, निम्मी माणसं सुट्टीवर असताना. ऑफिसात बसण्याआधी रहिवाशांच्या पायांची नखं बघावी. वाढलेली, आत वळलेली नखं आणि भेगाळलेल्या टाचा दिसल्या, तर पुढचं काही विचारायची गरज नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून देतात का, त्याची वही मागावी. वहीत आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच झटक्यात केलेल्या असतील तर त्याही बोलतात.

बाथरूममध्ये जास्त वेळ काढावा. दार बाहेर उघडणारं हवं. आत उघडणारं असलं आणि माणूस दारालाच टेकून पडला, तर बाहेरून ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही निघायला हवी. आधाराचा दांडा म्हणून पुष्कळ ठिकाणी टॉवेलची दांडी लावलेली असते. तिला सगळा भार देऊन ओढून बघायचं. टाइलमध्ये प्लास्टिकचा गुल्ला ठोकून बसवलेली असेल तर ती हातात येते. खरा दांडा भिंतीतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पक्का केलेला असतो. घंटेचं बटण भिंतीवर चार फुटांवर असेल तर पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? जमिनीपासून वीतभर वर येईल अशी दोरी हवी. ती स्वतः ओढायची आणि घड्याळ लावून बघायचं, कुणी किती वेळात येतं. रात्री जागं कोण असतं आणि एका बाईवर किती खोल्या, हाही प्रश्न तिथेच विचारायचा.

निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये मापं घालून दिलीत: दार निदान 900 मिलिमीटर रुंद, जिन्याला दोन्ही बाजूंना कठडे, बाथरूमला न घसरणारी फरशी. जुन्या बंगल्याचा वृद्धाश्रम केला असेल तिथे ती मापं कुणी धरत नाही, पण आपण टेप न्यायला काय हरकत आहे? रॅम्प असेल तर फूटभर उंचीला बारा फूट लांबी हवी. तीनचार फुटांचा उतार व्हीलचेअरसाठी नसतो, मालकाच्या स्कूटरसाठी असतो.

जेवणाच्या वेळा लिहून घेतल्या. रात्रीचं साडेसहाला, सकाळचा नाश्ता नऊला. मधे साडेचौदा तास. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला हे चालणार नाही, झोपताना कपभर दूध तरी हवंच. इन्सुलिन आठला टोचून पोहे सव्वानऊला आले तर साखर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, आणि म्हाताऱ्या माणसाचं ते 'जरा गळून गेल्यासारखं' म्हणून सोडून दिलं जातं. गोळ्या पाकिटासकट ठेवतात की डबीत सुट्या काढून, तेही बघायचं.

आणि सांगलीत असल्यावर कृष्णा नदी. आयर्विन पुलापाशी 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 'आमच्या आवारात पाणी आलं नाही' हे उत्तर अर्धंच आहे. मदतनीस बाया सांगलवाडी, डिग्रजकडून येतात. पूल बंद झाल्यावर त्या येणार कशा? जनरेटर तळघरात आहे की वर? लिफ्ट बंद पडली तर तळमजल्यावरच्यांना उचलून वर कोण नेणार? मिरजेत दवाखान्यांची वाण नाही, पण रस्ता तुंबला तर ते असून नसल्यासारखे.

पुण्याहून घरच्यांचा फोन येतो, 'तू तिथेच आहेस ना, नीट बघून घे.' बघतेच आहे. माझं कुणी विचारत नाही, मला काय वाटतंय ते. घराचं काय करायचं हा विषयही त्यांनीच काढला. बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात आत्याला सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा, म्हणजे पुढे 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 उपयोगी पडेल, एवढंच मी बोलले. पलीकडे शांतता. असो.

मघापासून वर जे लिहिलं ते वाचलं तर तिथेही 'रहिवासी', 'खिळलेला माणूस', 'इन्सुलिन घेणारी बाई'. माहितीपत्रक लिहिणाऱ्याला मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू? त्याने निदान आत्याला परकर किती लागतात याचा तरी विचार केलाय. मी तो केला नव्हता. ओळ अजून खुपतेच. पण लाल सूत शोधून ठेवलंय, आणि नाव घालायचंच तर आत्या स्वतःच घालेल, तिच्या वळणदार अक्षरात, आणि माझे टाके बघून नाक मुरडेल.

करारातलं एक कलम मात्र सुटू द्यायचं नाही. 'स्वतःची कामे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश', असं विश्रामबागकडच्या जागेने लिहिलंय. पुढे ती अंथरुणाला लागली तर काय? बहुतेक जण महिन्याची मुदत देऊन 'घेऊन जा' म्हणतात, आणि तेव्हा न्यायला घर उरलेलं नसतं. दवाखान्यात असताना खोलीचं भाडं पूर्ण की निम्मं, डायपर आणि खास बाईचे पैसे वेगळे किती, अनामत किती दिवसांत परत, दरवर्षी वाढ किती टक्के, हे सगळं लेखी मागायचं. 70 आणि त्यापुढच्या वयाच्यांसाठीचं सरकारी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांच्या नेहमीच्या दवाखान्यात चालतं का तेही. हयातीच्या दाखल्याची नोव्हेंबरात काळजी नाही, पोस्टमन तिथे येऊन करून देतो.

लेखी दिलं तर पंधरा दिवस राहून बघायला सांगेन. जुलैच्या शेवटी, नदी चढलेली असताना. आत्या म्हणेल, पावसात कुठे हलवता मला. तिला सांगायचं, पावसातच बघायचंय.